वुझीच्या नावावरचं गवत

तिगिस्त एकटी निघाली होती, आणि हे तान मॅडमना मुळीच पसंत नव्हतं.

“चौघी-पाचजणी मिळून जा ना,” त्या म्हणाल्या होत्या. विद्यापीठातल्या परदेशी मुलामुलींची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि सुट्टीत कोण कुठं जातंय याची त्या नोंद ठेवत. “लिआंगशानचे डोंगर म्हणजे चेंगदूचा बाजार नव्हे. तिथल्या लोकांचं बोलणं तुला कळायचं नाही.”

“चौघींना चार ठिकाणी जायचं असतं, मॅडम. मला एकाच ठिकाणी जायचंय.”

तान मॅडमनी नोंद केली आणि फोन बंद ठेवायचा नाही, असं दोनदा बजावलं.

तिगिस्तचा हा एकटीचा चौथा प्रवास. पहिल्या खेपेला तिकीट मागताना एका चिनी शब्दाचा सूर चुकला, अर्थ बदलला आणि ती भलत्याच गावी उतरली. दुसऱ्या खेपेला पासपोर्ट बसमध्ये राहिला आणि बसच्या मागे मोटारसायकलवर बसून जावं लागलं. तिसऱ्या खेपेला काहीच चुकलं नाही, तर परत आल्यावर तिला उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. आता चीनमध्ये तिला तिसरं वर्ष होतं. ती रेल्वेचं इंजिनियरिंग शिकत होती. इथिओपियातल्या दिरे दावाच्या रेल्वे कारखान्यात तिच्या आजोबांची उभी हयात गेली होती, त्यामुळे घरात रूळ, फाटे आणि सांधे हे शब्द मीठमिरचीसारखे वापरात होते. यंदाच्या सुट्टीत तिला आलोहेच्या वळणावर निबंध लिहायचा होता. तिथं गाडी डोंगराच्या पोटात शिरते, आत पूर्ण गोल फिरते आणि आपल्याच रुळांच्या डोक्यावर बाहेर येते. पुस्तकातले नकाशे बघून लिही, असं प्राध्यापक म्हणाले होते. तिनं मान डोलावली आणि तिकीट काढलं.

डोंगरातली ती सावकाश गाडी सकाळी पावणेआठला सुटली. डब्यात माणसांइतक्याच टोपल्या होत्या. तिच्या शेजारी एक माणूस मांडीवर दोन बदकं घेऊन बसला होता. तिसऱ्या स्टेशनावर साठीची एक बाई चढली आणि समोर बसली. डोक्याला काळं फडकं, हातावर घडी घातलेली लोकरीची घोंगडी, पाठीवर टोपली, आणि टोपलीतून मान बाहेर काढून सगळ्या डब्याकडे रागानं बघणारा कोंबडा. बाईनं तिगिस्तला नीट न्याहाळलं. त्यात लपवाछपवी काही नव्हती.

“कुठली गं तू?”

“इथिओपियाची, आजी.”

“ते कुठं आलं?”

“लांब आहे. विमानानं रात्रभर जावं लागतं.”

“म्हंजे ग्वांगतुंगच्या पल्याड?”

“बरंच पल्याड.”

“माझी लेक ग्वांगतुंगला असती. बुटाच्या कारखान्यात.” आजीच्या दृष्टीनं तिथून पुढचं जग कुठं संपतं याला फारसं महत्त्व नव्हतं. “पर आमची बोली तुला कशी येती? पोलिसाची पोरं इथं बदलून येत्यात, त्यांना येत न्हाई.”

याचं श्रेय लुओ काकूंना होतं. वर्गात तिगिस्त शुद्ध चिनी शिकली होती, बातम्यांत बोलतात तशी. पण पोट भरायचं ते विद्यापीठाच्या खानावळीच्या खिडकीवर, आणि तिथं लुओ काकू ठसक्यात सिचुआनी, म्हणजे या प्रांताची बोली, बोलायच्या. भात वाढताना बोलायच्या, भांडताना बोलायच्या, रांगेतल्या पोरांचे लाड करताना तर फारच बोलायच्या. तिगिस्तला त्यांच्याशी भांडता यायला लागलं त्या दिवशी आपल्याला ही भाषा आली असं तिनं धरलं. समोरची आजी इथल्या डोंगरातल्या यी लोकांपैकी होती. घरी ती आपली वेगळीच भाषा बोलत असणार, पण बाजारापुरती सिचुआनी तिच्याकडे होती, थोडी दगडधोंड्यांची, तरी समजण्यासारखी.

थोड्या वेळानं आजीनं कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले.

“तू शिकलेली दिसतीस. हे वाच बघू.”

बदकवाला हसला. “मावशे, परदेशी पोरीला आपली अक्षरं वाचाया लावतीस?”

“मग तू वाच.”

“मला आकडे येत्यात,” बदकवाला म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

आजीचं नाव शामा वुझी. तिची नात लाझो पाचवी-सहावीपासून हुशार, यंदा तालुक्याच्या परीक्षेत सगळ्या डोंगरात दुसरी आलेली. नीहे गावच्या वसतिगृहाच्या शाळेत तिला जागा मिळाली होती. आईबाप ग्वांगतुंगला, म्हणून पालक म्हणून आजीनं सही-अंगठा करायचा. त्यासाठी आजी दोनदा शाळेत जाऊन आली होती. दोन्ही वेळा कागद जुळत नाहीत म्हणून तिला परत पाठवलं. काय जुळत नाही ते शाळेतल्या माणसानं सांगितलं होतं, पण कसल्या भाषेत सांगितलं कोण जाणे.

“आज शेवटचा दिस हाय. पाच वाजता दार लावत्यात.”

तिगिस्तनं ओळखपत्र आणि घरनोंदीचं पुस्तक शेजारी शेजारी धरलं. जन्मतारीख तीच. गाव तेच. मग तिला दिसलं.

“आजी, हे बघा. तुमच्या नावातली ही झी. ओळखपत्रात हिच्या डोक्यावर गवत आहे. या पुस्तकात नाही.”

“गवत?”

“अक्षराच्या डोक्यावर हे दोन तुरे दिसतात ना, त्याला गवत म्हणतात.”

“पुस्तकातलं मेंढीनं खाल्लं असंल,” बदकवाला म्हणाला.

“दोन्ही मीच की गं.”

“दोन्ही तुम्हीच. पण शाळेच्या लेखी या दोन वेगळ्या बायका आहेत, आणि लाझोची आजी नक्की कुठली ते त्यांना कळत नाही.”

आजी त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली. साठ वर्षांत आपल्या नावाच्या डोक्यावर काही उगवतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हा घोळ तिगिस्तच्या ओळखीचा होता. तिच्या देशात आडनाव नसतं. आपलं नाव, पुढं बापाचं. विद्यापीठानं तिला देसालेन तिगिस्त लिहिलं आणि बँकेनं तिगिस्त देसालेन, आणि अकरा दिवस ती या दोन बायकांच्या मध्ये धावत होती. शेवटी लुओ काकूंच्या नवऱ्यानं सांगितलं की पोलिसांकडून एक कागद मिळतो, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असा शिक्क्याचा दाखला. तो दाखला तिनं प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला होता आणि पासपोर्टच्या पोटात ठेवून ती गावोगाव हिंडत होती.

तिनं वहीचं पान फाडलं आणि चांगल्या अक्षरात चिठ्ठी लिहिली. काय चुकलंय, कुठला दाखला हवा, आज का हवा. “नीहेला उतरलात की आधी शाळेत जाऊ नका. पोलीस ठाण्यात जा, घरनोंदीच्या खिडकीवर. ही चिठ्ठी द्या.”

“बरं,” आजी म्हणाली. चिठ्ठी तिनं कागदांमध्ये ठेवली आणि पिशवीचा बंद आवळला. चल म्हणून आग्रह नाही, काही नाही.

दहाच्या सुमारास आलोहे आलं. तिगिस्त उतरली. वर, डोंगराच्या निम्म्यावर, राखाडी पूल दिसत होता, आणि थोड्या वेळानं हीच गाडी तिथून जाणार होती. चित्रात बघितल्यापेक्षा चढ जास्त होता. तिनं वही काढली. गाडी चार मिनिटं थांबायची होती.

पेन्सिलीला टोक होतं, उजेड चांगला होता, आणि तिच्या डोक्यात मात्र चिठ्ठीच घोळत होती. बँकेत पहिल्या दिवशी तीही वर्गमैत्रिणीनं लिहिलेली चिठ्ठी घेऊनच गेली होती. खिडकीतल्या बाईनं चिठ्ठी वाचली, मान हलवली आणि काहीतरी उलट विचारलं. तिला काही सांगता येईना. चिठ्ठीला जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. बाईनं पुढच्याला बोलावलं.

शिट्टी झाली तेव्हा ती पुन्हा डब्याच्या पायरीवर होती.

“तुझं तिकीट इथवरचंच आहे,” दारातली तिकीट तपासणारी बाई म्हणाली. “वळण बघायचं म्हणत होतीस ना सकाळी?”

“पुढचं तिकीट काढते. वळण कुठं पळून जातंय?”

वुझी आजीनं तिला येताना बघितलं आणि टोपली पायानं सरकवून जागा केली. “कोंबड्यापास्नं लांब बस. टोचतो त्यो.”

नीहेच्या पोलीस ठाण्यात घरनोंदीच्या खिडकीमागं मेंग नावाचा तरुण होता. उत्तरेकडून बदलून येऊन त्याला दोन महिने झाले होते. गणवेशाची इस्त्री मोडलेली नव्हती. यी भाषा जाणणारा त्याचा सहकारी त्या दिवशी वरच्या गावांत गेला होता. सव्वाअकरा वाजले होते आणि बारापासून अडीचपर्यंत जेवणाची सुट्टी होती.

“नमस्कार. आपले काय काम आहे?” मेंगनं आजीला विचारलं.

आजीनं सांगितलं. गवतापासून मेंढीपर्यंत सगळं सांगितलं.

मेंग नम्रपणे ऐकत होता. त्याला एक शब्दही कळला नव्हता. शेवटी त्यानं मदतीसाठी आजूबाजूला बघितलं आणि त्याची नजर उंच, सावळ्या, कुरळ्या केसांच्या मुलीवर पडून पुढं गेली.

“त्या म्हणताहेत,” ती मुलगी शुद्ध चिनीत म्हणाली, “की ओळखपत्रावरील नाव आणि घरनोंदीतील नाव यांत एका अक्षराचा फरक आहे. दोन्ही नावे त्यांचीच असल्याचा दाखला त्यांना हवा आहे.”

मेंगची नजर परत तिच्यावर आली.

“तुम्ही त्यांच्या कोण?”

तिगिस्तनं आजीला विचारलं. “मी तुमची कोण म्हणून विचारतायत.”

“आगगाडीतली हाय म्हणावं.”

“सहप्रवासी,” तिगिस्तनं भाषांतर केलं.

मेंगला हसू आलं आणि तिथून काम जरा सरळ झालं. तो विचारायचा, “नोंद प्रथम कोणत्या वर्षी झाली?” तिगिस्त म्हणायची, “आजी, पुस्तकात तुमचं नाव पहिल्यांदा कधी लिहिलं?” आजी म्हणायची, “थोरली म्हस मेली त्या साली.” मग कुठली म्हैस, तिच्या आधी लेक झाली होती का नंतर, असं करत करत साल निघायचं. मेंगनं जुन्या नोंदींचा जाडजूड गठ्ठा काढला. ठाण्यातल्या कुणीतरी तीस वर्षांमागं हातानं लिहिलेल्या त्या पानावर वुझी दोनदा आली होती, वर गवतासकट आणि खाली, घाईत असावी तशी, बिनगवताची.

“सापडलं,” मेंग म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. “परंतु असा दाखला मी आजवर दिलेला नाही. मजकूर कसा असतो ते मला माहीत नाही. साहेबही अडीचनंतर येतील.”

तिगिस्तनं पासपोर्टच्या पोटातून आपला दाखला काढला आणि काचेखालून आत सरकवला. “असा असतो. नावं बदला.”

मेंगनं तो तीनदा वाचला. “चेंगदूचा शिक्का आहे,” तो जरा आदरानं म्हणाला, आणि सुट्टीला आठ मिनिटं असताना टाईप करायला बसला.

दुपारी दोघी ठाण्याच्या पायऱ्यांवर जेवायला बसल्या. आजीनं निखाऱ्यात भाजलेले बटाटे, तिखट आणि डुकराच्या मटणाचे मुठीएवढे तुकडे काढले. सगळ्यात मोठा तुकडा तिगिस्तपुढं केला.

“नको, आजी. आमच्यात हे खात नाहीत. आणि आज बुधवार, माझा उपास आहे.”

“उपासाला काय चालतं?”

“दूध, अंडी, मांस सोडून सगळं.”

“बटाटा?”

“बटाटा चालतो.”

“मग असला कसला उपास,” आजी म्हणाली आणि सहा बटाटे तिच्या ओंजळीत टाकले. तिच्या मते उपास म्हणजे काहीच न खाणं, आणि तिनं ते लहानपणी पुष्कळ केलं होतं, कुणी सांगितलं म्हणून नाही. हे तिनं बटाटा सोलता सोलता सांगितलं. तिगिस्तनं तिखट मागून घेतलं.

अडीचला साहेब आले नाहीत. तीनला आले नाहीत. आजी उठून फेऱ्या मारायला लागली, आणि टोपलीतला कोंबडाही अस्वस्थ झाला. सव्वातीनला साहेब आले, मजकूर वाचला आणि म्हणाले, “हे इतकं व्यवस्थित कुणी लिहिलं?” मेंगनं काचेबाहेर बोट दाखवलं. साहेबांनी बाहेर बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं आणि पुढं काही न विचारता शिक्का मारला.

शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, चढावर. तिगिस्त धापा टाकत होती आणि साठीची आजी टोपलीसकट पुढं. चार वाजून वीस मिनिटांनी त्या कार्यालयात शिरल्या. टेबलामागच्या माणसानं दाखला वाचला, ओळखपत्र बघितलं, पुस्तक बघितलं.

“हेच तर मी सांगत होतो,” तो म्हणाला. “दोनदा सांगितलं.”

“दोनदा सांगितलंत,” तिगिस्त म्हणाली. “आज त्यांना ऐकूही आलं.”

त्या माणसानं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, पण वाद घातला नाही. आजीचा अंगठा घेतला. यादीत नाव चढवलं. तेवढ्यावर आजी उठेना.

“यात लाझो कुठली?” तिनं तिगिस्तला विचारलं.

तिगिस्तनं यादीवर बोट ठेवलं. आजी टेबलावर ओणवी झाली आणि पुष्कळ वेळ बघत राहिली.

“लईच बारीक लिवलंय,” ती शेवटी म्हणाली. पण बाहेर आल्यावर तिनं घोंगडीचं टोक डोळ्यांना लावलं, आणि वारा फार आहे म्हणाली. वारा मुळीच नव्हता.

परतीची गाडी चार चाळीसची होती. ती गेली होती. आजीची नणंद गावाबाहेर राहायची, आणि आजीनं तिगिस्तला तिकडंच न्यायचं ठरवून टाकलं होतं. पण परदेशी माणसानं जिथं मुक्काम करायचा तिथली नोंद झालीच पाहिजे, आणि उद्या पहाटेची गाडी पकडायची होती. तेव्हा तिगिस्तनं स्टेशनासमोरची खानावळ-कम-लॉज पसंत केली. मालक दारातच उभा होता.

“परदेशी घेत नाही आम्ही. कॉम्प्युटर त्यांची नावं घेत नाही.”

“ही माझी पाव्हणी हाय,” आजी पुढं झाली. “तुझा कॉम्प्युटर कुठं हाय, दाव मला.”

“मावशी, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?”

“सकाळपास्नं मला लई कळाया लागलंय.”

तिगिस्तनं दोघांना बोलू दिलं. मेंगचा नंबर तिनं दुपारीच घेऊन ठेवला होता. तिनं फोन लावला, म्हणाली की साहेब, आता माझं काम आहे, आणि पाच मिनिटांत मेंग सायकलवरून आला. गणवेश काढून साधा शर्ट घातला होता. त्यामुळे तो जेमतेम वीस वर्षांचा दिसत होता. मालकाला त्यानं समजावलं की ठेवायला हरकत नाही, फक्त कळवावं लागतं, आणि कळवायचं कसं ते आता मी दाखवतो. तो काउंटरमागं कॉम्प्युटरसमोर बसला आणि पासपोर्ट उघडला.

“आडनाव काय लिहू?”

“आडनाव नसतं आमच्यात. माझं नाव आणि मग वडिलांचं.”

“आणि मग?” आजीनं विचारलं. तिला यात एकदम रस वाटायला लागला होता.

“मग आजोबांचं. तसं मागं कितीही जाता येतं.”

“तुला येतं?”

लहानपणी आजोबांनी घोकून घेतलं होतं. तिगिस्तनं श्वास घेतला. “देसालेन, वोर्कू, बेलाचेव, तेस्सेमा, गोबेना, वोल्दे, आयेले.” सातव्या नावावर ती थांबली. आजोबाही तिथंच थांबायचे.

आजीनं टोपली खाली ठेवली. “आमच्यात बाया म्हणत न्हाईत, पुरुष म्हणत्यात. पर बाबा म्हणायचा तवा मी चुलीपाशी असायची.” आणि ती म्हणायला लागली. तिच्या सुरात आता बाजारातली सिचुआनी नव्हती, तिची स्वतःची भाषा होती. बापाच्या नावाचा शेवट लेकाच्या नावाची सुरुवात, असे दुवे एकमेकांत अडकत गेले. आपू लाहा, लाहा जीको, जीको मूगा, मूगा उस्से. तिगिस्तनं बोटांवर मोजायला घेतलं आणि बोटं संपली. लॉजचा मालक काउंटरवर कोपर टेकून ऐकत होता. एकवीस नावं झाल्यावर आजीला एक अडकलं. तिनं मागं जाऊन पुन्हा उडी घेतली आणि ते पार केलं.

“मला एकच नाव पाहिजे आहे,” मेंग हळूच म्हणाला. पडद्यावरची रेघ रिकाम्या चौकटीत लुकलुकत होती.

“देसालेन लिही,” तिगिस्त म्हणाली.

त्यानं लिहिलं आणि नोंदीचा कागद छापायला टाकला.

“माझ्या आजोबांच्या वडिलांचं नाव मला माहीत नाही,” तो म्हणाला. “आजीला फोन करून विचारलं पाहिजे.”

“आत्ता लाव,” वुझी आजी म्हणाली, आणि दाखल्याबद्दल म्हणून कोंबडा त्याच्यापुढं धरला.

कोंबडा काही त्यानं घेतला नाही, नियमात बसत नाही म्हणाला. तो लॉजच्या मालकानं घेतला, आणि त्याबदल्यात तिगिस्तकडून खोलीचे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सहा वीसच्या गाडीनं ती आलोहेला गेली. वुझी आजी निरोपाला आली नाही. तिला लाझोच्या वसतिगृहासाठी चादर घ्यायची होती, आणि चादरीचं दुकान सातला उघडणार होतं.